सोबत ओळखीचा माणूस आणा

बायको गेल्यावर घरात एक गोष्ट कायमची बंद झाली, ती म्हणजे माझ्या चुका काढणं. चष्मा कुठं ठेवला, कुणाचा फोन येऊन गेला, न्हाणीघरातला नळ कुणी उघडा सोडला, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं आणि दिवसातून चारदा मला ऐकवलं जायचं. तेव्हा वैताग यायचा. नंतर पाच-सहा वर्षं मी अमरावतीच्या त्याच घरात एकटा राहिलो आणि मला वाटायला लागलं, आपण फार व्यवस्थित माणूस आहोत. बोलणारंच कुणी नव्हतं, तर अव्यवस्थित ठरवणार कोण?

हा भ्रम दोन प्रसंगांनी उतरवला. एका सकाळी वरणाचा कुकर चढवून मी फिरायला निघून गेलो. परत आलो तर शेजारच्या बाई माझ्या ओट्यापाशी उभ्या. माझ्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. "काका, शिट्ट्या थांबेचनात म्हणून बंद केला," एवढंच म्हणाल्या आणि हसून निघून गेल्या. कुकरमधली डाळ कोळसा झाली होती. ते भांडं त्यांनी घासून पालथं घालून ठेवलं होतं, हे मी नंतर पाहिलं.

दुसरा प्रसंग राजकमल चौकातला. भाजी घेऊन स्कूटरवर बसलो आणि घराकडे जायचा रस्ता कुठला, ते मला सुचेना. ज्या गावात चाळीस वर्षं काढली त्या गावाच्या मधोमध मी उभा होतो आणि सगळे रस्ते मला सारखेच परके वाटत होते. फार वेळ नाही, पण माणसाला घाम फुटायला तेवढा पुरतो. लोकांना कळू नये म्हणून मी स्कूटरला उगाच किका मारत राहिलो. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, पेट्रोल संपलं का?" मी हो म्हणालो. मग आपोआप रस्ता आठवला आणि मी घरी आलो.

मुलीला यातलं काहीच सांगितलं नाही. ती बंगळुरात असते, नवराबायको दोघं नोकरी करतात, आठवड्यातून दोनदा फोन करते. सांगितलं असतं तर तिसऱ्या दिवशी तिकिटं काढून दारात उभी राहिली असती. तिच्या घरी मी महिना-महिना राहून आलोय. पोरगी गुणाची आहे, जावई तिच्याहून गुणाचा. पण तिथं मला काम एकच, ते म्हणजे स्वतःला जपून घेणं. लिफ्टमध्ये माणसं हसतात आणि लगेच हातातल्या फोनकडे बघतात. कुणाशी वाद घालायचीसुद्धा सोय नाही.

तरी मला कळून घ्यायचं होतं. जे असेल ते आत्ता कळावं, डोकं जाग्यावर आहे तोवर. म्हणजे कुठं राहायचं, घर ठेवायचं की विकायचं, हे माझं मी ठरवलं असतं. उशिरा कळलं तर ठरवणारे दुसरे असतील आणि मी कोपऱ्यात बसून मान हलवत असेन. मला भीती आजाराची होती, पण त्याहून जास्त त्या मान हलवण्याची होती.

म्हणून एकटाच मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण, आवाज मऊ. त्यांनी काही शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले. कागदावर घड्याळ काढायला लावलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी बऱ्यापैकी निभावलं. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, खात्याच्या परीक्षा दिलेल्या माणसाला परीक्षेत कसं बसायचं ते कळतं. डॉक्टरही तेच म्हणाले. "शिकलेली माणसं सुरुवातीला या चाचण्यांत निसटून जातात. आपण आतला फोटो काढू."

आतला फोटो म्हणजे एमआरआय. तिथल्या मुलीनं अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवायला सांगितलं. घड्याळ, अंगठी, पट्टा, किल्ल्या काढल्या. "आणखी काही?" तिनं विचारलं. मी ठामपणे नाही म्हणालो. मग तिच्या हातातलं यंत्र माझ्या कमरेपाशी वाजलं. करगोट्यात चांदीचा एक मणी होता, लहानपणी आईनं ओवलेला, करगोटे बदलत गेले तरी मणी तोच. तो मी विसरलो होतो. त्या मुलीसमोर पॅन्ट सावरत करगोटा सोडवताना मला एवढं लाजल्यासारखं झालं की मशीनची भीतीच गेली.

आत आडवं सरकवलं, डोक्यावर पिंजरा बसवला आणि हातात एक रबरी फुगा दिला. घाबरलात तर दाबा म्हणाली. मग जो आवाज सुरू झाला तो कापसाच्या हंगामात जिनिंगच्या कारखान्यात बसवल्यासारखा. मधूनच कानात त्या मुलीचा आवाज यायचा, "काका, हलू नका." बाहेर माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. बाकावर माझी पिशवी होती, तिच्यात माझी चप्पल. त्या नळीत पडल्या पडल्या मला हे फार स्पष्ट दिसलं आणि फार वाईट वाटलं. मन रमवायला मी बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंतची स्टेशनं म्हणायला लागलो. कुरूम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव. उलटी म्हटली, सुलटी म्हटली. एकही चुकलं नाही. मग आपल्याला काय धाड भरलीय, असं मनाशी म्हणत मी बाहेर आलो.

डॉक्टरांनी फोटो पडद्यावर लावला. आपला मेंदू बघणं ही काही सुखाची गोष्ट नाही, सोललेल्या अक्रोडासारखा दिसतो आणि आपण एवढे गुंतागुंतीचे आहोत यावर विश्वास बसत नाही. त्यांनी खालच्या बाजूला दोन्हीकडे पेन्सिल टेकवली. "नवीन आठवण आधी इथून आत जाते. हा भाग तुमचा थोडा लहान दिसतोय. वयानं लहान होतोच. आजारानंही होतो."

"मग यातलं कुठलं?"

"ते एकट्या फोटोवरून ठामपणे सांगता येत नाही. दहा वर्षांपूर्वीचा तुमचा फोटो असता तर शेजारी ठेवून बघितलं असतं. तो नाही. त्याच्या जागी मला एक माणूस लागेल, तुम्हाला तेव्हापासून ओळखणारा आणि आत्ताही बघणारा. तुमच्यात काय बदललं ते तुम्हाला स्वतःला सांगता येणार नाही." आणखी महागड्या तपासण्या मोठ्या शहरात होतात, पण त्याआधी हे हवं, असं त्यांचं म्हणणं. "पुढच्या वेळी सोबत ओळखीचा माणूस आणा."

मी स्टेशनांचं सांगितलं. ते हसले. "जुनं शेवटी जातं काका. नव्याची तपासणी करायची आहे."

घरी येऊन विचार करायला बसलो, कुणाला न्यायचं? बायको असती तर प्रश्नच नव्हता. तिनं डॉक्टरांना खुर्चीतून उठू दिलं नसतं, लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली असती. मुलगी मला फोनवर ऐकते, आणि फोनवर मी फार छान असतो. भाऊ भातकुलीकडे शेती बघतो, त्याच्या-माझ्यात दिवाळीला "तब्येत बरी ना" एवढंच बोलणं. शेजारच्या बाई दोन-तीन वर्षांतल्या, त्यांनी मला म्हाताराच पाहिलेला. आधी कसा होतो ते त्यांना काय माहीत? कचेरीतले सोबती काही गेले, काही पुण्याला पोरांकडे गेले. गावभर रामराम घालणारा मी, पण मला ओळखतो कोण, म्हटलं तर बोट दाखवायला माणूस सापडेना. त्या दिवसांत मी स्वयंपाकही धड केला नाही. घरात जेवायला दोन ताटं असायची तेव्हा ती मला कधी मोजावीशी वाटली नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. अपडाऊनवाला गडी माझ्या डोक्यातच आला नव्हता.

माझी बरीचशी नोकरी अकोल्यात झाली. मी अमरावतीतून रोज बडनेऱ्याला जाऊन गाडी धरायचो आणि संध्याकाळी परत यायचो. वीसेक वर्षं हेच. तोही तसाच, त्याची कृषी खात्यात नोकरी. जो आधी चढेल त्यानं समोरच्या जागेवर रुमाल टाकायचा. वर्तमानपत्र एक, त्याची पानं दोघांत वाटलेली. सुरुवातीला तो जयभीम म्हणायचा आणि मी रामराम. नंतर कधीतरी मी जयभीम म्हणायला लागलो आणि तो रामराम. कुणी आधी बदललं यावरून आमचं भांडण कायम राहिलं. माझी वरिष्ठांशी भांडणं, मुलीच्या लग्नाची काळजी, बायकोचं आजारपण, सगळं त्याच्यासमोर कुरूम-मान्याच्या मध्ये बोललं गेलं. मला झोप लागली की मूर्तिजापूरला तो चहावाल्याला खूण करायचा आणि मला कोपरानं ढोसायचा. निवृत्तीनंतर त्यानं अकोल्यातच घर बांधलं. फोन चालू होता, भेटी कमी झाल्या होत्या.

तरीही जायला मी चालढकल करत राहिलो. माणसाकडे जाऊन काय म्हणायचं? मी बिघडलोय का ते सांगायला चल? शेवटी चैत्राचं ऊन तापायला लागलं तेव्हा एका सकाळी बडनेऱ्याला जाऊन गाडीत बसलो.

त्यानं दार उघडलं आणि क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "ये लेका. रामराम." वहिनींनी पाणी आणलं, कूलर माझ्याकडे वळवला आणि आत गेल्या. मी घसा साफ करून डॉक्टरांचं, फोटोचं, सोबतच्या माणसाचं सांगायला लागलो. अर्धं झालं नाही तोच तो म्हणाला, "येतो ना. तू तारीख सांग फक्त." एवढ्या चटकन तो हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. आपला मित्र किती समजूतदार आहे म्हणून मला भरून आलं. वहिनींनी आलूचे भजे तळले. "भाऊजी, पोटभर खा," म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपल्यासारखं केलं. कांदा चिरला असेल, असं मी समजलो.

ठरल्या दिवशी तो बडनेऱ्याला उतरला तेव्हा मला हसू आलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, खिशाला पेन. "सोयरीक पाहाले चालला का बे?" मी विचारलं. तो नुसता माझ्या स्कूटरवर मागं बसला.

डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं आणि एकेक विचारायला लागले. हे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात का?

"चांगली गोठ मानूस पुन्हा पुन्हा सांगतेच साहेब."

ठरलेल्या भेटी विसरतात का? बोलताना शब्द अडतो का? स्वभाव बदलला का?

"स्वभाव पैलेपासूनच असा आहे. अन् डोक्याचं म्हनाल तं एक नंबर. आमच्या डब्यात हिशोबाचं भांडन झालं की यालेच इचारत."

"तेव्हाचं नाही, आत्ताचं विचारतोय."

"आत्ताही तसाच आहे," तो म्हणाला आणि खिशातला पेन नीट केला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा रोखून बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "हे असं असेल तर फोटोतला फरक सध्या वयाचा धरू. वर्षभरानं पुन्हा फोटो काढू आणि ताडून बघू."

मी खुशीत बाहेर आलो. किती दिवसांनी छातीत मोकळं वाटत होतं. वाटेत त्याला कचोरी खाऊ घातली, घरी आणून खुर्चीत बसवलं, चहा ठेवला. मग म्हणालो, आता पोरीला फोन करतो. तिला आधीचं काही माहीत नाही, पण आता सगळं सांगून टाकतो, हसेल ती.

"थांब," तो म्हणाला. "फोन लावू नोको."

मला वाटलं, चहा उतू जातोय. मी गॅसकडे बघितलं.

"तू इथी बस आधी."

मी बसलो.  इतक्या वर्षांत त्याला बोलायला शब्द शोधावे लागलेले मी पाहिले नव्हते.

"तू माह्याकडे दोनदा आल्ता," तो म्हणाला.

"काहून दोनदा? एकदाच तं आलो."

"होळीच्या आधी आल्ता. तवा कूलर माळ्यावर होता. तू येच खुर्चीत बसला, येच सांगतलं. डाक्टर, फोटो, सोबतचा मानूस. मी हो म्हनलं. तुले गाडीत बसवून देल्लं. मंग तुया फोन नाई, काई नाई. मले वाटलं तारीख पुढं गेली असन. अन् परवाच्याले तू पुन्हा दारात उभा. पुन्हा पैल्यापासून सांगून राह्यला. हिनं आतून आयकलं अन् रडाले लागली."

चहा खरोखरच उतू गेला. मी उठून गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला धरून उभा राहिलो. होळीच्या आधीचा तो दिवस मी शोधत होतो. गाडी, दार, पाणी, काहीतरी सापडेल म्हणून. काही नव्हतं. विसरलेली गोष्ट कुणी सांगितली की निदान अंधुक ओळख पटते, एवढं मला माहीत होतं. इथं ओळखही नव्हती. तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय असंच वाटत होतं, आणि तो खोटं बोलत नाही हेही मला ठाऊक होतं.

"मंग डाक्टरपुढं काहून नाई सांगतलं?" मी ओरडलोच.

"त्यानं तुही चौकशी केली ना. परक्या मानसापुढं तुही खोट सांगू मी?"

आणि मला कळलं. आमच्याकडे सोयरीक जुळवायची असली की पाहुणे शेजारीपाजारी, ओळखीच्यांकडे मुलाची चौकशी करत फिरतात. अशा वेळी माणसाची खोट काढायची नसते. मुलगा पितो हे सगळ्या गल्लीला माहीत असलं तरी "पोरगा चांगला आहे" म्हणायचं, कारण एक शब्द वाकडा गेला तर सोयरीक मोडते आणि ते पाप आपल्या माथी येतं. मीही आयुष्यात कितीदा असंच बोललोय. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही शिकवण आम्हा दोघांची सारखीच. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता तो माझी बाजू राखायला. त्यानं ती पूर्ण राखली होती आणि मी मात्र बुडालो असतो.

मी त्याला नको नको ते बोललो. लेका, मले नवरदेव म्हनून नेलं होतं का तिथी? वर्षभर मी फोटो चांगला आहे म्हणून हिंडलो असतो, आणि वर्षभरानं ठरवायला माझ्याकडे काय उरलं असतं? त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या चालतो पुन्हा. आज मी इथीच राहतो." त्यानं वहिनींना फोन केला. आम्ही काल-परवाच्या भाताला फोडणी देऊन खाल्ला आणि आडवे झालो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला मधे घुसवून घेतलं. या खेपेला त्याचा शर्ट चुरगळलेला होता. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि माझ्याकडे एकदाही न बघता बोलायला लागला. मी दोनदा अकोल्याला आल्याचं सांगितलं. मग मला माहीत नसलेलं बरंच काही आलं. फोनवर मी त्याच्या मोठ्या मुलाची चौकशी करतो, मुलगा परदेशी गेल्याला दोन वर्षं झाली तरी मी अजून पुण्याची नोकरी कशी चाललीय असं विचारतो. बोलता बोलता थांबतो आणि मग वेगळाच विषय काढतो. एकदा त्याला फोन करून मीच त्याला विचारलं होतं, काय काम काढलंस म्हणून. "पैले याच्या आवाजात एक तोरा होता," तो म्हणाला. "आता थो इचारून इचारून बोलते. चुकलो तं नाई ना, असं."

मी तिथं बसून हे ऐकत होतो. माझी लाज निघत होती, आणि तरी, खोटं कशाला बोलू, आतून बरं वाटत होतं. बायको गेल्यापासून माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी बघत असेल असं मला वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी फोटो पुन्हा पडद्यावर लावला. आता त्यांनी पेन्सिल टेकवली नाही. "हे दोन्ही जुळतंय," म्हणाले. आजाराची सुरुवात असावी, खात्रीसाठी नागपूरला आणखी एक तपासणी करू. गोळ्यांनी आजार जात नाही, काहींना थोडी मदत होते. लवकर आलात हे चांगलं, तुमचे निर्णय तुम्ही घेऊ शकता. घरच्यांना मात्र आजच सांगा.

बाहेरच्या बाकावर बसून मी मुलीला फोन लावला. तो शेजारी बसून राहिला. मी एका दमात सांगितलं, म्हणजे मधे विसरायला नको. 

"बाबा, मला दिसत होतं," ती म्हणाली. "दिवाळीपासून. तुम्ही आईच्या दवाखान्याची तीच गोष्ट प्रत्येक फोनला सांगता. मी शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगितलंय. तुम्हाला बोलले तर घाबराल म्हणून बोलले नाही."

म्हणजे मुलीला माहीत होतं. शेजारच्या बाईंना माहीत होतं, म्हणून तर ते भांडं घासून ठेवलं होतं. अकोल्यात दोघांना माहीत होतं. सगळे मला जपत होते आणि माझ्या मागं एकमेकांशी बोलत होते, आणि मी एकटा घरात बसून आपल्याला ओळखणारं कुणी आहे का म्हणून शोधत होतो. मला फार राग आला. इतक्या मायेच्या माणसांमध्ये माणूस इतका एकटा पडावा, हे मला अजून नीट गिळता आलेलं नाही. मी मुलीवर चिडलो, मग ती रडायला लागली, मग मी तिला समजावत बसलो. आजारी मी आणि समजूत घालणाराही मीच.

त्या संध्याकाळी त्याला सोडायला बडनेऱ्याला गेलो. डॉक्टरांच्या बोलण्यानंतर त्यानं मला स्कूटर चालवू दिली नाही, आम्ही रिक्षानं गेलो. फलाटावर गाडीला अजून वेळ होता. मी रिक्षात सगळं जुळवून ठेवलं होतं, ते त्याला सांगितलं. जोवर माझं मला जमतंय तोवर मी अमरावतीतच राहणार. मुलीलाही तेच कळवणार. ज्या दिवशी ते जमेनासं होईल त्या दिवशी घराला कुलूप लावून तिच्याकडे जाणार, कुरकुर न करता. अडचण एकच, तो दिवस आला हे मला स्वतःला कळणार नाही. मुलगी सांगणार नाही, तिला दया येईल. शेजारच्या बाई हसून भांडं घासून ठेवतील.

"थे तू सांगजो," मी म्हणालो. "आठ-पंधरा दिवसांनी येत जा. जवा वाटन की आता बस झालं, तवा तोंडावर सांग. माही बाजू राखू नोको."

तो रुळांकडे बघत होता. गाडीचा उजेड नागपूरच्या बाजूनं दिसायला लागला तेव्हा म्हणाला, "मी तं सांगीन. पन तवा तू आयकशीन का? भांडशीन माह्याशी. म्हनशीन, असं काई ठरलंच नव्हतं."

त्याचं खरं होतं. माझा स्वभाव त्याला माहीत आहे. आज फलाटावर उभा राहून शहाणपणाचं बोलणारा माणूस त्या दिवशी तिथं असेलच याची हमी मी कशी देणार? माझ्याकडे कबूल करण्यासारखं जे होतं ते एवढंच होतं.

"भांडीन," मी म्हणालो. "पन तू एकदा सांगून थांबू नोको."